रिकामी लेन

४ सप्टेंबर, बुधवार

चाचणी पास झाली. टाळ्या वाजल्या, आमच्या संचालक, मोठ्या बाई, यांनी पाठीवर थाप मारली, आणि तेव्हापासून मला घास गिळवत नाहीये.

का ते इथेच लिहिते, दुसरीकडे कुठे लिहिता येणार नाही. आमच्या हवामान केंद्राचं नवं यंत्र म्हणजे एका मोठ्या हॉलमध्ये रॅक भरून उभे केलेले शेकडो नोड, म्हणजे सुटे संगणक. समुद्राचे चौकोन पाडायचे, एकेक चौकोन एकेका नोडला द्यायचा, आणि त्याने आपल्या हद्दीतला वारा आणि लाटा मोजायच्या. पण लाट हद्द पाळत नाही. म्हणून दर टप्प्याला प्रत्येकाने शेजाऱ्यांना आपल्या कडेची बातमी द्यायची, त्यांची घ्यायची, मगच पुढचा टप्पा. शिवाय काही बातम्या हॉलच्या या टोकापासून त्या टोकाला जातात. हे सगळे मेसेज केबलींच्या ज्या जाळ्यातून धावतात ते जाळं माझं. कोण कोणाला जोडलेलं, कुठे वळायचं, कोणी थांबायचं, सगळं मी आखलेलं.

जुन्या यंत्रात नियम साधा होता. आधी आडवं जायचं, मग उभं. उभ्या रस्त्यावरून पुन्हा आडव्यात वळायचं नाही. त्यामुळे काही रस्ते तुंबायचे आणि शेजारचे ओस पडायचे. मी मेसेजना मोकळीक दिली: जो रस्ता रिकामा दिसेल तो घ्या. मोकळीक दिली की एक धोका येतो. चार मेसेज चार चौकांत, म्हणजे केबली मिळतात त्या ठिकाणी, असे अडकू शकतात की प्रत्येकाला पुढच्याची जागा हवी आणि आपली जागा तो पुढची मिळाल्याशिवाय सोडणार नाही. मग त्यांच्या मागचे अडकतात, त्यांच्याही मागचे. काहीही मोडलेलं नसतं. सगळे दिवे हिरवे. फक्त काही हलत नाही. म्हणून प्रत्येक केबलमध्ये मी एक लेन राखून ठेवली. तिथे जुना कडक नियम. अडकलेल्याने त्या लेनमध्ये उतरायचं आणि सुटायचं. ती जवळजवळ कायम रिकामी असते, आणि तिने रिकामंच असायला हवं.

चाचणीत आम्ही ठरलेल्या वेळेत बसत नव्हतो. थोडक्यात चुकत होतं. सकाळी मी ती लेन सगळ्या मेसेजना खुली करून दिली. चाचणी संपली की बंद करणार होते. वेळेत बसलो. आणि मोठ्या बाईंनी पाहुण्यांसमोर जाहीर करून टाकलं की यंत्र याच मांडणीत आजपासून बंदराच्या सेवेत. आता एक सेटिंग बदलायचं तरी लेखी मंजुरी लागेल, आणि मंजुरी मागायची तर कारण सांगावं लागेल.

चार मेसेज तसे अडकण्याची शक्यता फार कमी आहे. खरंच फार कमी.

८ सप्टेंबर, रविवार

नवरा दुपारच्या पाळीला गेला. तो बंदरात पायलट आहे. पायलट म्हटलं की लोक आकाशाकडे बघतात, मग सांगावं लागतं की परक्या जहाजाला बंदराच्या तोंडातून आत आणायला इथला माहीतगार माणूस लागतो. तो छोट्या लाँचमधून जहाजापाशी जातो आणि जहाज चालत असतानाच त्याच्या अंगावरून सोडलेल्या दोराच्या शिडीने वर चढतो. लाँच खाली-वर होत असते. शिडी पकडायचा क्षण चुकला तर माणूस मधल्या फटीत. सासरेही हेच करायचे. सासूबाईंची खुर्ची आमच्या घरात खिडकीकडे पाठ करून असते. खिडकीतून बंदर दिसतं.

लाँच सोडायची की नाही, ते पायलट बंदरातल्या बोर्डावर बघून ठरवतात. बोर्डावर आमच्या केंद्राचा अंदाज येतो, कधी आला त्या वेळेसकट. म्हणजे माझ्या जाळ्यातून गेलेला.

निघताना तो म्हणाला, "काय बाईसाहेब, आज काय म्हणतंय तुमचं यंत्र?"

"म्हणतंय, डबा विसरू नकोस."

हसला, आणि डबा विसरूनच गेला.

मला मात्र हसू आलं नाही.

१७ सप्टेंबर

झालं ते.

दुपारचा अंदाज आलाच नाही. हॉलमध्ये गेले. पंखे चालू, सगळे दिवे हिरवे, एकही तक्रार नाही. गणित एका टप्प्यावर उभं होतं आणि नोड एकमेकांची वाट बघत होते.

कंदील आधीच तिथे होता. हॉलची देखभाल तो करतो. रॅकच्या मागे टॉर्च घेऊन फिरतो म्हणून सगळे त्याला कंदील म्हणतात. आता तोही फोन उचलून "कंदील बोलतोय" म्हणतो.

"थांबलंय, मॅडम."

"काय झालंय?"

"काहीच झालेलं नाही. तेच तर."

त्याने एक रॅक बंद करून पुन्हा चालू केला. गणित मागच्या टप्प्यापासून सुरू झालं. "ढकललं की चालतं," तो म्हणाला. "अधूनमधून ढकलावं लागतं."

"अधूनमधून? म्हणजे आधीही झालंय?"

"नाही नाही, मी आपलं बोलायचं म्हणून बोललो." मग टॉर्च या हातातून त्या हातात घेत म्हणाला, "मॅडम, समजा एखादी केबल इकडची तिकडे लागली, तर असं होतं का हो?"

माझं जाळं नाजूक आहे असं त्याला सुचवायचं होतं. राग आला. "एवढ्या तेवढ्याने बिघडणारं नाहीये ते," म्हटलं.

अंदाज उशिरा गेला. तोवर बोर्डावर सकाळचाच राहिला. समुद्र शांत होता म्हणून कोणाला काही कळलं नाही.

२० सप्टेंबर, शुक्रवार

माझ्या टेबलावरच्या मशीनमध्ये जाळ्याची छोटी नक्कल केली. लेन खुली ठेवून दिवसभर मेसेज पळवले. एकदाही अडकले नाहीत. इतकं बरं वाटलं की कँटीनमध्ये जाऊन दोन कप कॉफी प्यायले.

परत येऊन सहज म्हणून चौकांत मेसेजना थांबायला असलेली जागा निम्मी केली. थोड्याच वेळात चौघे एकमेकांत अडकले आणि सगळं उभं राहिलं. लेन बंद करून तेच पुन्हा केलं, तर एकदाही नाही. पण आपल्या यंत्रात जागा पूर्ण आहे. खरेदीची मागणी मीच लिहिली होती. म्हणजे हे लागू नाही.

मग मंगळवारी काय झालं?

२७ सप्टेंबर

केंद्र मोठ्या बाईंनी उभं केलं. यंत्राच्या खरेदीसाठी वर्षभर दारोदार फिरल्या. एरवी दहा पावलांवरून हाक मारतात, आज माझ्या टेबलापाशी येऊन हळू आवाजात बोलल्या.

"मला एक सांग. प्रत्येक चौकात मेसेज थांबायला जागा असते ना? समजा, तू लिहिलंस त्यापेक्षा ती कमी असती, तर काय झालं असतं?"

माझ्या पडद्यावरची नक्कल त्यांनी बघितली असणार. मी म्हटलं, "का हो बाई? कमी आहे का?"

"छे, छे. आपलं शिकावं म्हणून विचारते. एवढं मोठं धूड आणलंय, मला त्यातलं काही कळायला नको?" त्या गेल्या, दारातून परत आल्या. "तुला काही सांगायचंय का?"

"नाही, बाई."

"नक्की?"

"नक्की."

तरी दोन क्षण उभ्याच होत्या. त्यांना सगळं कळलंय. मी आपण होऊन बोलावं, मग लेखी द्यावं, मग माझी उचलबांगडी, असा बेत दिसतो. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

३ ऑक्टोबर

पुन्हा थांबलं. कंदीलने ढकललं. आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता हे करतो.

धीर करून मोठ्या बाईंकडे गेले. म्हटलं, अर्धा दिवस यंत्र थांबवायला हवं, देखभालीसाठी. अर्ध्या दिवसात मी लेन बंद केली असती. अंदाज थोडे उशिरा आले असते, तर काहीतरी कारण सांगितलं असतं.

त्यांचा चेहरा उतरला. "देखभाल? म्हणजे उघडणार आहेस का तू ते सगळं? चौकातली उपकरणं बाहेर काढून?"

"तशी गरज नाही..."

"मग नको. वादळांचे दिवस आहेत. नंतर बघू."

मी दार लावत होते तेव्हा त्या रुमालाने मान पुसत होत्या. खोलीत एवढा गारवा असताना.

७ ऑक्टोबर, सोमवार

सासूबाई वाटाणे सोलत होत्या. म्हणाल्या, "सूनबाई, हल्ली हा मधूनच लवकर घरी येतो, लक्षात आलंय का तुझ्या?"

"समुद्र वाईट असेल, आई."

"कसला वाईट! परवा तर पाट्यासारखा सपाट होता, खालचा किराणावाला सांगत होता. मी ह्याला विचारलं. म्हणाला, बोर्डावरची वेळ जुनी दिसली की आम्ही सगळे पायलट लाँच बांधून ठेवतो आणि पत्ते कुटत बसतो." त्यांनी एक वाटाणा तोंडात टाकला. "वर मला म्हणतो, हिला सांगू नकोस. आता हे काय सांगायचं नाही असं आहे? ह्याचे वडील तर पत्त्यांत पगार घालवून यायचे."

मी रात्री जेवताना त्याला विचारलं. "आई ना," तो म्हणाला, "काहीही सांगते." आणि ताटाकडे बघत जेवत राहिला. थोड्या वेळाने म्हणाला, "तुझं कसं चाललंय ऑफिसात?"

"छान," मी म्हटलं.

"काही त्रास?"

"कसला त्रास?"

थट्टाच केली असेल आईंची. पत्ते खेळत बसतो ते एका परीने बरंच आहे, शिडीवर तरी नसतो.

१० ऑक्टोबर

बंदराने तक्रार केली होती की बोर्ड वरचेवर जुना दिसतो, पायलट निघत नाहीत, जहाजं बाहेर ताटकळतात. आठवडाभर मला वाटत होतं की आता सगळं उघडं पडणार.

आज मोठ्या बाई कंदीलला म्हणाल्या, "बोर्ड जुना दिसणार नाही असं काहीतरी कर बाबा." दुपारपर्यंत त्याने काहीतरी केलं. आता बोर्डावरची वेळ नेहमी ताजी दिसते. बंदराकडून धन्यवादाचा फोन आला.

काय केलं ते मी विचारलं नाही. बऱ्याच दिवसांनी झोप लागेल असं वाटतंय.

१६ ऑक्टोबर

झोप नाही. काल दोनदा थांबलं. पश्चिमेकडे हवा बिघडू लागली की चौकोन लहान पाडून गणित बारीक करावं लागतं, मेसेज वाढतात, आणि ते नेमकं तेव्हाच थांबतं. शांत समुद्राचा अंदाज बिनचूक येतो आणि खवळलेल्याचा अडकतो.

उद्या बोलणार. काढून टाकलं तर टाकलं.

१७ ऑक्टोबर

गेले होते. मोठ्या बाईंच्या दाराबाहेर कंदील उभा होता, टोपी हातात.

"तुम्ही जा आधी, मॅडम."

"नाही, तुम्ही आधी आलात."

"माझं काही विशेष नाही."

"माझंही तसंच आहे."

आतून मोठ्या बाईंनी विचारलं, "कोण आहे?" मग त्यांनीच दार उघडलं. बाहेर आम्हा दोघांना एकत्र बघून त्या जरा दचकल्याच. "दोघं मिळून आलात?" त्या म्हणाल्या. "काय झालं?"

"काही नाही," आम्ही एका सुरात म्हणालो.

"मग ठीक आहे," त्या म्हणाल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.

कंदीलला नक्की माझ्याविरुद्ध काहीतरी सांगायचं होतं. माझ्यासमोर जमलं नाही.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

बंदराच्या ऑफिसच्या जिन्यावर बसून लिहितेय. हात चालू राहिला नाही तर ओरडेन.

सकाळपासून वारा होता. अकराच्या सुमारास गणित थांबलं. वादळ बाहेर उभं आहे हे उपग्रहाच्या चित्रात दिसत होतं, ते किती वेगाने आत येतंय हे फक्त आमचं गणित सांगणार होतं, आणि ते हिरव्या दिव्यांत गोठून बसलं होतं.

कंदीलने ढकललं. पण मागच्या टप्प्यापासून सगळं पुन्हा, म्हणजे अंदाज दुपारनंतर. खिडकीबाहेर पार्किंगमधला फलक खांबासकट थरथरत होता. मी म्हटलं, "निदान बोर्डावर अंदाज जुना आहे हे तर दिसत असेल. कोणी निघणार नाही."

कंदील टॉर्चचं बटण चाळवत राहिला.

"दादा?"

"मॅडम, बोर्डावर आत्ताची वेळ जाते."

"आत्ताची कशी जाईल? गणित पहाटेचं आहे."

"अंदाज पहाटेचाच. वेळ आत्ताची. दर तासाला तोच अंदाज परत पाठवायचा आणि पाठवल्याची वेळ लावायची, असं केलंय मी. बाई म्हणाल्या, जुना दिसू देऊ नको."

तेव्हा मला वाटाणे सोलणाऱ्या सासूबाई आठवल्या. वेळ जुनी दिसली की लाँच बांधून ठेवतो.

बंदराला फोन लावला. तिथला पाळीवरचा अधिकारी निवांत होता. "बोर्ड ताजा आहे हो, मॅडम. मध्यम वारा. बघा ना, आत्ताचीच वेळ आहे."

"ती वेळ खोटी आहे. अंदाज पहाटेचा आहे. लाँच सोडू नका."

"म्हणजे?"

"म्हणजे माझं यंत्र अडकलंय. गेले कित्येक आठवडे अडकतंय आणि मला माहीत आहे. कोणालाही पाठवू नका." मागे दार वाजलं. मोठ्या बाई आत आल्या होत्या, सगळं ऐकत होत्या. मला त्याचं काही वाटलं नाही.

तिकडून तो म्हणाला, "लाँच गेलीय. तुमचेच यजमान आहेत."

वायरलेसवर त्याने हाक मारली, ती मी फोनमधून ऐकली. लाँच चालवणाऱ्याचा आवाज आला, अर्धा वाऱ्यात: "ते शिडीवर आहेत. आता नको बोलूस." आणि मग नुसती खरखर.

मोठ्या बाईंनी गाडीची किल्ली माझ्या हातात दिली.

२५ ऑक्टोबर

तो जहाजावर चढला, एवढं कळलंय. वर पोचल्यावर जहाजाच्या कप्तानाने आत यायचं नाकारलं आणि वादळ टाळायला जहाज खोल समुद्रात वळवलं. तो त्यांच्याबरोबर. तेव्हापासून वायरलेस लागत नाही.

लाँच परतताना बंदराच्या तोंडाशी आडवी झाली. चालवणारा सापडला, खांदा आणि बरगड्या मोडलेल्या. त्याच्याबरोबरचा खलाशी पोहत आला.

सासूबाईंनी काल संध्याकाळी खुर्ची फिरवली. खिडकीकडे तोंड करून बसल्यात. मी जवळ गेले तर म्हणाल्या, "काही बोलू नकोस. बोललीस की मला वाटतं बातमी आलीय."

२६ ऑक्टोबर, शनिवार

आला. जहाज उत्तरेकडच्या दुसऱ्या बंदराला लागलं, तिथून बसने आला. कोणाचा तरी ढगळा स्वेटर, हाताच्या तळव्यांची साल निघालेली. सासूबाईंनी त्याला आधी एक चापट मारली आणि मग रडल्या.

तो अंघोळ करून आला, खाटेवर बसला. मी सगळं सांगितलं. लेन, चाचणी, अडकणं, सगळं. तो ऐकत राहिला.

"माहीत होतं," तो म्हणाला.

"काय माहीत होतं?"

"अडकतं ते. आम्हा सगळ्यांना. बोर्डावरची वेळ जुनी झाली की समजायचो, हिचं यंत्र झोपलं. मग निघायचं नाही, असं आम्ही आपापसात ठरवून टाकलं होतं. वर कळवलं असतं तर तुझ्यावर आलं असतं. म्हटलं, तू सांगशील."

"मी तुला विचारलं होतं, त्या दिवशी जेवताना."

"मीही तुला विचारलं होतं."

तळव्याची निघालेली साल ओढत तो म्हणाला, "गुरुवारी वेळ ताजी होती ना, म्हणून गेलो." तक्रारीच्या सुरात नाही. पावसात छत्री का नेली नाही ते सांगावं, तसं.

२८ ऑक्टोबर

हॉस्पिटलात गेले होते. लाँचवाला गळ्यापासून कमरेपर्यंत बांधलेला. "मॅडम, आता मला कोणी मिठी मारायची नाही," म्हणाला आणि हसताना कळवळला. डॉक्टरांनी सांगितलंय की उजवा हात खांद्याच्या वर जाणार नाही. सुकाणू संपलं.

त्याची बायको मला सोडायला बाहेरपर्यंत आली. माझे दोन्ही हात धरून म्हणाली, "तुम्ही फोन केलात म्हणून बंदरावर बचावाची बोट आधीच तयार होती. नाहीतर हे गेले असते. तुमचे उपकार कसे फेडू, ताई?"

मी म्हटलं, "उद्या चौकशी आहे. उद्या जे कळेल ते ऐकून घ्या आणि मग मला काय म्हणायचं ते म्हणा." तिला कळलं नाही. तिने पुन्हा हात दाबले.

२९ ऑक्टोबर

चौकशी. बाहेरून आलेला अधिकारी, समोर आम्ही तिघे. मी लेनपासून सुरुवात केली. दोन वाक्यं झाली नाहीत तोच मोठ्या बाई मध्ये बोलल्या.

"तिचा दोष नाही. चौकातली उपकरणं मी निम्म्या जागेची घेतली. पूर्ण जागेची वर्षभर मिळणार नव्हती. तिला सांगितलं नाही. त्यामुळेच अडकतंय."

"नाही साहेब," कंदील उभा राहिला. "यंत्र बसवताना एक केबल आखूड पडली, म्हणून मी दोन रॅकच्या केबली अदलाबदल करून लावल्या. कोणाला बोललो नाही. सगळं तिथनंच सुरू झालं."

"दादा, त्याने काही होत नाही," मी म्हटलं. "कोण कुठे जोडलंय ते यंत्र स्वतःच शोधतं. आणि बाई, जागा निम्मी असली तरी माझी लेन राखीव असती तर सगळे सुटले असते."

"तू मध्ये पडू नकोस. खरेदीवर सही माझी आहे."

"आणि बोर्डाची वेळ कोणी बदलली? मीच ना?" कंदील म्हणाला.

"माझ्या सांगण्यावरून!"

अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं. "मी वीस वर्षं चौकशा करतोय," तो म्हणाला. "इथे बसून लोक दुसऱ्याचं नाव घेतात. तुम्ही एकेकाने बोला. आणि एवढं सांगा, तुम्ही तिघं एकाच इमारतीत बसता ना?"

मोठ्या बाई त्या दिवशी मला पुन्हा पुन्हा का विचारत होत्या, ते आज कळलं. स्वतः होऊन का सांगितलं नाही, ते मात्र काही केल्या कळत नाही. एवढी मोठी बाई, तिला कोणाची भीती?

५ नोव्हेंबर

मोठ्या बाईंना सक्तीच्या रजेवर पाठवलं. कंदीलची बदली. मला काढतील म्हणून टेबल आवरून ठेवलं होतं, पण काढलं नाही; जाळं दुसऱ्या कोणाला कळत नाही. निकाल लागेपर्यंत काम चालू ठेवा, असं पत्र आलं. ते वाचून सुटल्यासारखं वाटलं नाही.

यंत्र दोन दिवस थांबवलं. लेन पुन्हा राखीव केली. नकलेत आठवडाभर निम्म्या जागेवर मेसेज पळवले, मुद्दाम कोंडी केली, सगळे सुटले. अंदाज आता ठरल्यापेक्षा उशिरा येतात. बंदराने ते मान्य केलंय. बोर्डावर गणित कधीचं ते मोठ्या अक्षरात दिसतं.

लेनवरचा आकडा दिवसभर शून्य असतो. मी दर थोड्या वेळाने बघते. शून्य दिसलं तर वाटतं, बंद तर पडली नसेल? आणि कधी एखादा मेसेज तिच्यातून जाताना दिसला की वाटतं, आज काहीतरी होणार.

१२ नोव्हेंबर

नवऱ्याच्या हाताला नवी कातडी आली. आज तो कामावर गेला. नवीन लाँचवाला आहे, फार बोलत नाही म्हणे. सासूबाई खिडकीतून हलल्या नाहीत.

दुपारी माझ्या टेबलावरचा फोन वाजला. नवरा होता. त्याने आजवर कामावरून कधी फोन केलेला नाही.

"बाहेर एक जहाज उभं आहे," तो म्हणाला. मागे वारा होता, माणसांचे आवाज होते. "बोर्ड बघितला. मध्यम म्हणतोय."

"हं."

"खरा आहे का?"

मी पडद्याकडे बघितलं. गणित तासाभरापूर्वीचं, पूर्ण झालेलं. लेनवर शून्य. आकडे उघडून एकेक टप्पा तपासला. तो फोनवर थांबला होता. मला आणखी काही तपासता आलं असतं तर मी तपासलं असतं. नाही म्हटलं असतं तर तो आज घरी आला असता. उद्या पुन्हा फोन केला असता.

"खरा आहे," मी म्हटलं.

"बरं," तो म्हणाला. "मग निघतो."